सिल्व्हर पार्कहून शनिवार-रविवारचा मुंबई प्रवास: कमीत कमी तिकिटात

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधून मुंबईत जाऊन येण्याचा खर्च तीन तुकड्यांत होतो. पहिला तुकडा घरापासून मीरा रोड स्टेशनापर्यंतचा, दुसरा रेल्वेचा आणि तिसरा मुंबईतल्या स्टेशनापासून जिथे जायचे तिथपर्यंतचा. स्वस्त तिकीट शोधताना बहुतेकांचे लक्ष मधल्या तुकड्यावर असते, कारण तो सर्वांत लांब आहे. पैसे मात्र दोन्ही टोकांना जातात. मीरा रोड ते चर्चगेट हे जवळपास ४० किलोमीटरचे अंतर, आणि दुसऱ्या वर्गाचे एकेरी तिकीट वीस रुपयांपेक्षा जास्त नाही. सिल्व्हर पार्क ते स्टेशन हे दोन-अडीच किलोमीटरचे अंतर, आणि मीटरची रिक्षा एकट्याने केली तर त्यातच चाळीसच्या पुढे रक्कम होते. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आहे. त्यामुळे रेल्वेच्या तिकिटात पाच रुपये वाचवायला धडपडण्याआधी स्टेशनला कसे जायचे हे ठरवावे.

त्यासाठी प्रवासाला किती माणसे आहेत हे आधी मोजावे. बसचे तिकीट माणशी असते, रिक्षाचे भाडे गाडीमागे असते. एकट्या माणसाला मीरा-भाईंदर महापालिकेची परिवहन बस किंवा शेअर रिक्षा हाच स्वस्त पर्याय. दोघे असतील तर शेअर रिक्षाच बरी. तिघे असतील तर मात्र मीटरची रिक्षा माणशी पंधराच्या आत पडते, आणि तीन शेअर सीटच्या भाड्याशी तिचा फरक नगण्य राहतो. रिक्षात नियमाने तीनच प्रवासी बसतात. चौघांच्या कुटुंबाला दोन रिक्षा कराव्या लागतात आणि हिशेब पुन्हा बसकडे झुकतो. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत मीटरवर पंचवीस टक्के जादा आकारणी असते. शेवटच्या गाडीने परतणाऱ्यांनी स्टेशनबाहेरचा हा खर्च आधीच धरावा, नाहीतर दिवसभरात वाचवलेले पैसे मध्यरात्री स्टेशनबाहेरच्या पाच मिनिटांत संपतात. सामान नसेल आणि ऊन उतरलेले असेल तर सिल्व्हर पार्क ते स्टेशन हे अर्ध्या तासाच्या आसपासचे चालणे आहे. सकाळी लवकर निघणाऱ्या तरुणांनी हा पर्याय सहज टाळू नये.

मधल्या तुकड्याकडे वळल्यावर पहिली चौकशी घरातच करावी. मीरा रोडमधल्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी रोज कामाला मुंबईत जाणारे असते आणि त्यांच्याकडे महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पास असतो. हा पास रविवारी आणि सुटीच्या दिवशीही चालतो, आणि पासाच्या हद्दीत कितीही वेळा चढता-उतरता येते. म्हणजे मीरा रोड ते अंधेरी असा पास असणाऱ्याला शनिवारी बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव कुठेही जायला एक पैसाही लागत नाही. पुढे चर्चगेटला जायचे असेल तर त्याने अंधेरी ते चर्चगेट एवढेच तिकीट काढावे. मीरा रोडपासून पूर्ण तिकीट काढणारे पासधारक पुष्कळ दिसतात, आणि ते पैसे निव्वळ वाया जातात. ज्याच्या नावाचा पास आहे त्यानेच तो वापरायचा असतो. घरातल्या दुसऱ्या कोणाला तो दिला तर तो विनातिकीट प्रवासच ठरतो. विनातिकीट सापडल्यास प्रवासभाडे आणि त्यावर किमान २५० रुपये दंड, म्हणजे एका चुकीत पूर्ण कुटुंबाचा दोन दिवसांचा दुसऱ्या वर्गाचा खर्च जातो.

पास नसलेल्यांसाठी प्रश्न उरतो तो एकेरी, रिटर्न आणि पर्यटक तिकीट यांतल्या निवडीचा. रिटर्न तिकिटाला सूट नसते. ते दोन एकेरी तिकिटांच्या किमतीचेच असते. त्याचा फायदा एवढाच, की संध्याकाळी चर्चगेट किंवा दादरला रांगेत उभे राहावे लागत नाही. परतण्याचे ठिकाण नक्की असेल तर रिटर्न घ्यावे. सकाळी चर्चगेटला उतरून संध्याकाळी दादरहून परतण्याची शक्यता असेल, किंवा पाहुण्यांच्या घरी मुक्काम होण्याची चिन्हे असतील, तर एकेरीच बरे.

पर्यटक तिकीट हे रेल्वेचे कमी माहीत असलेले तिकीट आहे. एक, तीन आणि पाच दिवसांसाठी ते मिळते आणि पश्चिम, मध्य व हार्बर या तिन्ही मार्गांवर त्या मुदतीत कितीही फेऱ्या करता येतात. दुसऱ्या वर्गाचे एका दिवसाचे तिकीट शंभराच्या आत आणि तीन दिवसांचे दीडशेच्या आत मिळते. ही किंमत ऐकून अनेकांना ते घ्यावेसे वाटते. पण सिल्व्हर पार्कच्या कुटुंबाने आधी साधा हिशेब करावा. सकाळी चर्चगेटला जाऊन संध्याकाळी परत, असे दोन दिवस केले तरी चार फेऱ्या होतात, आणि चार एकेरी तिकिटे मिळूनही ऐंशीच्या पुढे जात नाहीत. अशा माणसाला पर्यटक तिकीट महाग पडते. ते फायद्याचे ठरते ते दिवसभर गाड्या बदलत फिरणाऱ्याला. समजा बाहेरगावचे नातेवाईक तीन दिवस उतरले आहेत. शुक्रवारी त्यांना दादर आणि भायखळा बघायचे आहे, शनिवारी चर्चगेट, तिथून वांद्रे, रविवारी ठाण्याच्या नातेवाईकांकडे, आणि रोज संध्याकाळी मीरा रोडला परत यायचे आहे. तेव्हा तीन दिवसांचे तिकीट परवडू शकते. दोन दिवसांच्या शनिवार-रविवारसाठी एका दिवसाची दोन तिकिटे घेण्यापेक्षा तीन दिवसांचे एकच घेणे बहुधा स्वस्त असते, कारण तीन दिवसांची किंमत एका दिवसाच्या दुपटीपेक्षा बरीच कमी ठेवलेली आहे. पहिल्या वर्गासाठी हाच हिशेब वेगळा करावा लागतो. तिथे एकेरी तिकीटच दुसऱ्या वर्गाच्या कित्येक पट असते, त्यामुळे पर्यटक तिकिटाचा फायदा कमी फेऱ्यांतच सुरू होतो.

वर्गाची निवड शनिवार-रविवारी वेगळ्या नजरेने करावी. आठवड्याच्या दिवशी सकाळी मीरा रोडला दुसऱ्या वर्गाच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि म्हणून पहिला वर्ग किंवा वातानुकूलित गाडी अनेकांना गरजेची वाटते. रविवारी सकाळी हीच गर्दी बरीच कमी असते, आणि दुसऱ्या वर्गातही बसायला जागा मिळू शकते. ५ मे २०२२ पासून वातानुकूलित आणि पहिल्या वर्गाच्या एकेरी तिकिटांचे दर निम्मे झाले, तरी दुसऱ्या वर्गाशी त्यांची तुलना होत नाही. शिवाय पश्चिम रेल्वेवर वातानुकूलित फेऱ्या शनिवार-रविवारी कमी असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये १३ फेऱ्या वाढवल्यावर त्या आठवड्याच्या दिवशी १०९ आणि शनिवार-रविवारी ६५ झाल्या. वातानुकूलित तिकीट घेऊन साध्या गाडीच्या पहिल्या वर्गात बसता येते, पण तसे करावे लागले तर गार डब्यासाठी दिलेले जादा पैसे फुकट गेले असे समजावे. ज्याला त्या गाडीनेच जायचे आहे त्याने आधी वेळापत्रकात गाडी बघावी आणि मगच तिकीट काढावे. वयस्कर माणसे किंवा तान्हे मूल सोबत असेल, मे महिन्याची दुपार असेल, तर जादा पैसे देणे योग्य आहे. स्वस्ताईच्या नादात आजीला दुपारी उभ्याने प्रवास करायला लावू नये.

लहान मुलांचा नियम सरळ आहे. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे. किमान तिकीट पाच रुपयांचे असल्यामुळे जवळच्या अंतरावर अर्ध्या तिकिटाचा फायदा फारसा उरत नाही, लांबच्या अंतरावर तो दिसतो. ज्येष्ठ नागरिकांसाठी रेल्वेने देऊ केलेली भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि अजून ती परत आलेली नाही. आजी-आजोबांचे वय तिकीट खिडकीवर सांगून काही कमी होत नाही. ही सवलत परत यावी अशी मागणी रास्त आहे, पण तोवर हिशेब पूर्ण तिकिटाचाच करावा. १ जुलै २०२५ रोजी रेल्वेची भाडेवाढ झाली तेव्हा उपनगरी तिकिटे आणि पास त्यातून वगळले होते, त्यामुळे मुंबईकरांचे लोकलभाडे त्या वाढीत बदलले नाही.

तिकीट काढण्याच्या पद्धतीतही थोडी बचत आहे, आणि वेळेची बचत मोठी आहे. मीरा रोडच्या खिडकीवर रविवारी सकाळी पोरेबाळे घेऊन आलेल्यांची रांग लागते. रांगेच्या बाजूला असलेल्या एटीव्हीएम यंत्रावर काम झटपट होते. पडद्यावर आधी भाषा निवडायची, मग नकाशावर किंवा यादीत उतरण्याचे स्टेशन, मग वर्ग, मोठे किती, लहान किती, एकेरी की रिटर्न, आणि शेवटी स्मार्ट कार्ड यंत्रावर ठेवून पैसे द्यायचे. मार्ग विचारला तर तिथे नीट लक्ष द्यावे. भायखळ्याला जायचे असेल तर मीरा रोड ते भायखळा असे एकच तिकीट दादरमार्गे मिळते. मीरा रोड ते दादर आणि दादर ते भायखळा अशी दोन तिकिटे काढली तर अंतर दोनदा शून्यापासून मोजले जाते आणि एकूण रक्कम वाढू शकते. रेल्वेच्या भाड्याचा टप्पा अंतरानुसार चढतो आणि लांब अंतराला किलोमीटरमागचा दर उतरत जातो, म्हणून एकच लांब तिकीट नेहमी बरे.

मोबाइलवर १ जुलै २०२५ रोजी आलेल्या रेलवन ॲपमधून लोकलचे तिकीट निघते, आणि आर-वॉलेटमध्ये पैसे भरून अनारक्षित तिकीट काढल्यास त्यावर ३ टक्के सूट ठेवलेली आहे. पाचशेचा खर्च असेल तर पंधरा रुपये, म्हणजे एक कटिंग. दिसायला थोडे आहे, पण रोजच्या प्रवाशाने सगळा व्यवहार त्यातून केला तर वर्षाकाठी रक्कम लक्षात येते. मोबाइल तिकीट फलाटावर पोचल्यावर निघत नाही. स्टेशनाबाहेर, रिक्षात असतानाच ते काढावे. बिनकागदी एकेरी तिकिटावर तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो, म्हणून घरातून निघण्याआधी दोन तास काढून ठेवू नये. टीसीला स्क्रीनशॉट चालत नाही, ॲपमधलेच तिकीट दाखवावे लागते. फोनची बॅटरी संपत आली असेल तर एटीव्हीएमचे कागदी तिकीट बरे.

मुंबईभरची वाहतूक एका ॲपमध्ये आणणारे मुंबई वन हे ॲप ८ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झाले. मेट्रो, लोकल, बेस्ट, ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर परिवहन या सगळ्यांची तिकिटे त्यात निघतात. सिल्व्हर पार्कच्या प्रवाशाला त्याचा उपयोग असा, की स्टेशनला जाणारी महापालिकेची बस, पुढची लोकल आणि चर्चगेटहून बेस्ट अशी तीन तिकिटे एकाच जागी मिळतात. पण एकत्र तिकीट म्हणजे कमी किमतीचे तिकीट नव्हे. प्रत्येक सेवेचे भाडे वेगळेच मोजले जाते आणि त्यांची बेरीज होते. ॲपमध्ये सुचवलेला पहिला मार्ग बहुधा वेळेच्या दृष्टीने चांगला असतो. पैसे वाचवायचे असतील तर पुढचे मार्गही उघडून बघावेत.

मेट्रोचा विचार करताना नेमका हाच मुद्दा येतो. दहिसर पूर्वेला मेट्रो ७ आणि मेट्रो २अ या मार्गिका सुरू होतात. मेट्रो ७ पश्चिम द्रुतगती मार्गावरून गुंदवलीला, म्हणजे अंधेरी पूर्वेला जाते. २अ लिंक रोडवरून अंधेरी पश्चिमेला. दोन्हींचा पहिला टप्पा २ एप्रिल २०२२ रोजी आणि उरलेला १९ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाला. दहिसरपासून उत्तरेला मेट्रो ९ ही मेट्रो ७ चीच पुढची मार्गिका, आणि तिच्या काशीगावपर्यंतच्या टप्प्याची चाचणी १४ मे २०२५ रोजी सुरू झाली. मीरा-भाईंदर रोडवर सिल्व्हर पार्कसमोर उभे असलेले खांब याच मार्गिकेचे. मेट्रो २अ आणि ७ चे भाडे तीन किलोमीटरपर्यंत १० रुपये, बारापर्यंत २०, अठरापर्यंत ३० असे चढते. दहिसर ते गुंदवली हे अंतर साडेसोळा किलोमीटर, म्हणजे ३० रुपये. अंधेरी पूर्वेत काम असेल, मरोळ किंवा साकीनाक्याला जायचे असेल, तर हा प्रवास आरामाचा आहे आणि दिलेले पैसे वसूल होतात. दक्षिण मुंबईसाठी मात्र मेट्रोवर मेट्रो जोडत जाणे महाग पडते. गुंदवलीहून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथून ८ ऑक्टोबर २०२५ रोजी कफ परेडपर्यंत पूर्ण खुली झालेली मेट्रो ३ पकडून चर्चगेट, अशा प्रवासात भाडे तीनदा नव्याने सुरू होते आणि एका बाजूची रक्कम शंभराच्या घरात जाते. एकट्या मेट्रो ३ चे आरे ते कफ परेड भाडे ७० रुपये आहे. लोकलने मीरा रोड ते चर्चगेट हा प्रवास वीसच्या आत होतो. मेट्रो ३ चा खरा उपयोग लोकलने दादर किंवा चर्चगेटला उतरल्यावर आहे. सिद्धिविनायक, वरळी, गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक अशी स्थानके जिथे लोकल जात नाही तिथे आहेत, आणि जवळच्या टप्प्याचे भाडे १० रुपयांपासून सुरू होते.

मेट्रो २अ आणि ७ वर एका दिवसाचा अमर्याद फेऱ्यांचा पास ८० रुपयांना आणि तीन दिवसांचा २०० रुपयांना आहे. रेल्वेच्या पर्यटक तिकिटाशी इथला हिशेब उलटा आहे. दोन दिवसांचे दोन पास घेतले तर १६० होतात, तीन दिवसांचा २०० ला पडतो, म्हणून शनिवार-रविवारसाठी एकेका दिवसाचाच घ्यावा. आणि जाऊन-येऊन फक्त दोन फेऱ्या असतील तर तोही घेऊ नये, कारण ३० अधिक ३० मिळून साठच होतात. मेट्रोच्या मुंबई १ कार्डाने प्रवास केल्यास इतर दिवशी ५ टक्के आणि रविवारी व राष्ट्रीय सुटीला १० टक्के सूट मिळते. घरात कार्ड असेल तर रविवारच्या प्रवासाला ते आठवणीने खिशात घालावे. ६५ वर्षांवरील नागरिक, दिव्यांग आणि बारावीपर्यंतचे विद्यार्थी यांना १ मे २०२३ पासून मेट्रोत २५ टक्के सवलत आहे, पण ती महिन्याच्या ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या पासावर आहे. एका रविवारच्या फेरीला तिचा उपयोग नाही.

स्टेशनाबाहेर पडल्यावरचा तिसरा तुकडा बेस्टचा. ९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे १० आणि वातानुकूलित बसचे १२ रुपये झाले. त्याआधी ते अनुक्रमे ५ आणि ६ होते. म्हणजे जवळच्या अंतराला भाडे एकदम दुप्पट झाले, आणि यामुळे जुना हिशेब पुष्कळ ठिकाणी चालेनासा झाला. चर्चगेटहून गेटवे ऑफ इंडियाला चौघांना वातानुकूलित बसने जायला ४८ रुपये लागतात. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये आहे आणि हे अंतर दोन किलोमीटरच्या आत असल्याने मीटर चाळीस-पंचेचाळीसवर थांबतो. चौघांना टॅक्सी बसपेक्षा स्वस्त पडते. दोघांना अर्थातच बस. आणि हिवाळ्याच्या सकाळी चर्चगेट, ओव्हल मैदान, उच्च न्यायालय, काळा घोडा या वाटेने चालत गेले तर खर्च शून्य, आणि मुंबईतल्या सर्वांत देखण्या इमारती बघून होतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय याच वाटेवर आहे, त्यासाठी वेगळे वाहन करायची गरजच नाही. परतताना पाय दुखू लागले तर बस घ्यावी.

बेस्टचा दिवसभराचा पास ७५ रुपयांचा आहे. पाच किलोमीटरच्या आतल्या चार-पाच फेऱ्यांत तो वसूल होत नाही. वातानुकूलित बसच्या २५ किलोमीटरच्या टप्प्याला ४० रुपये लागतात, म्हणून लांब दोन फेऱ्या आणि मधे दोन छोट्या फेऱ्या केल्या तर शंभरच्या पुढे जाणारा खर्च पासावर ७५ मध्ये होतो. ज्याला लोकलचे जिने चढायचे नाहीत आणि वेळही भरपूर आहे, अशा माणसासाठी तो आहे. शनिवार-रविवारी महामार्गावर कोंडी होते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

राज्य परिवहनाच्या लाल गाड्यांचाही एक उपयोग सिल्व्हर पार्कला आहे. बोरिवली-ठाणे एसटी घोडबंदर रस्त्याने जाते आणि काशिमिऱ्यावरून जाताना तिथे पकडता येते. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या नागरिकांना अर्धे आणि ७५ वर्षांवरील नागरिकांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. ठाण्याला जायचे असेल तर लोकलने दादरला जाऊन परत ठाण्याला येण्यापेक्षा हा सरळ मार्ग वेळेलाही बरा आणि आई, आजी, मावशी अशा मंडळींना पैशालाही. आधार कार्ड किंवा वयाचा पुरावा देणारे ओळखपत्र सोबत असावे, कंडक्टर ते मागतो. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे दर १४.९५ टक्क्यांनी वाढले, म्हणून सवलत नसलेल्या पुरुष प्रवाशांना आधीसारखा फायदा राहिला नाही.

रविवारी पश्चिम रेल्वेवर जंबो ब्लॉक असतो. सकाळी दहा-साडेदहापासून दुपारी तीन-साडेतीनपर्यंत एखाद्या टप्प्यात दुरुस्तीची कामे चालतात. त्या वेळेत धीम्या गाड्या जलद मार्गावरून जातात, काही रद्द होतात आणि मधल्या काही स्टेशनांवर गाडी थांबत नाही. काही वेळा तो शनिवारी रात्री घेतात. मध्य आणि हार्बर मार्गावरही रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून भायखळा किंवा कुर्ल्याला जाणाऱ्यांना दोन्हीकडचे बघावे लागते. शनिवारच्या वर्तमानपत्रात आणि रेल्वेच्या अधिकृत खात्यांवर त्याची माहिती येते. ब्लॉकचा तिकिटाच्या किमतीशी थेट संबंध नाही, पण गाडी न मिळाल्यामुळे मुलांना घेऊन मालाडला उतरून रिक्षा करण्याची वेळ आली की दोनशे रुपये सहज जातात. म्हणून लांबचा बेत शनिवारी आणि जवळचा रविवारी ठेवणे शहाणपणाचे. रविवारी लांब जायचेच असेल तर साडेनऊच्या आत दादर ओलांडावे.

जवळच्या बेतांत बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सर्वांत स्वस्त. मीरा रोड ते बोरिवली हे सहा किलोमीटरच्याही आतले अंतर, दुसऱ्या वर्गाचे तिकीट पाच रुपये, आणि बोरिवली पूर्वेला उतरल्यावर प्रवेशद्वारापर्यंत चालत जाता येते. चौघांचा जाण्या-येण्याचा रेल्वेखर्च चाळीस रुपये, तोही मुलाचे तिकीट पूर्ण धरून. उद्यान सोमवारी बंद असते, त्यामुळे सोमवारची सुटी जोडून आली तर बेत आधीच्या दिवशीच ठेवावा. दहिसरहून तिकीट काढले तर पैसे वाचतील या समजुतीने काहीजण सिल्व्हर पार्कहून बसने दहिसरला जातात. बसभाडे आणि वेळ मोजला तर त्यात काहीच हाती लागत नाही.

जवळचाच दुसरा बेत उत्तनच्या समुद्रकाठचा, पण तिथे लोकल जात नाही. भाईंदर पश्चिमेहून महापालिकेची बस समुद्राकाठच्या गावांपर्यंत जाते. रविवारी संध्याकाळी परतीच्या बसला मोठी गर्दी होते, आणि तिथे अडकलेल्यांना रिक्षावाले सांगतील ते भाडे द्यावे लागते. अंधार पडण्याच्या तासभर आधी निघाले तर बस मिळते.

वसईच्या किल्ल्याला दोन वाटा आहेत. लोकलने वसई रोडपर्यंत दहाच्या आत तिकीट आणि पुढे वसईच्या परिवहन सेवेची बस ही कमी खर्चाची वाट. दुसरी वाट पाण्याची: फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर आणि वसई यांच्या दरम्यान वाहनांसह नेणारी रो-रो बोटसेवा सुरू झाली, तिचे सुरुवातीचे भाडे माणशी ३० रुपये आणि दुचाकीला चालकासह ६० रुपये होते. रस्त्याने ३८ किलोमीटर फिरून जावे लागणारे अंतर खाडीतून साडेतीन किलोमीटर होते. पायी प्रवाशाला लोकल स्वस्त पडते. दुचाकीवर दोघे जाणाऱ्यांनी मात्र वाचलेले पेट्रोल धरून रो-रोचा विचार जरूर करावा. जाताना बोटीने आणि येताना लोकलने असा बेत मुलांना आवडतो, आणि वसईत फिरून दमल्यावर परतीचे तिकीट स्टेशनवरच काढता येते.